उभ्या चाकांवर फिरलेली गाडी

हरणाऱ्यानं बर्फदिव्यांच्या जत्रेत, देवळासमोर, बिअरच्या क्रेटवर उभं राहायचं. अंगात लांब चड्डी आणि लोकरीची पोटपट्टी, बस्स. गळ्यात पाटी, ‘शौचालय इकडे’. आणि जत्रा संपेपर्यंत एक हात शौचालयाच्या दिशेला ताठ. पैज ही अशी होती. अटी माझ्याच, कारण हरणार मी नव्हतोच.

लागली ती हात्सुए-नेसानच्या पार्लरमध्ये. योनेझावातल्या आमच्या गल्लीत माझं दारूचं दुकान आहे, त्याला लागून तिचं पार्लर. साठी ओलांडलेली बाई, अख्ख्या गल्लीची थोरली बहीण, म्हणून सगळे नेसानच म्हणतात. तिच्या हातात कात्री असते, त्यामुळे वाद कोणी घालत नाही. त्या दिवशी खुर्चीत बसला होता वागात्सुमा इवाओ. माझ्या समोरच्या घरातला. शिकलेला, सडपातळ, आणि बोलायला लागला की थांबत नाही असा. नदीकाठच्या एका छोट्या कारखान्यात गाड्यांसाठी जायरो, म्हणजे गाडी किती वळली ते सांगणाऱ्या डब्या, बनवायचं काम चालायचं, तिथला हा इंजिनियर.

"तोकु-सान, तुम्हाला डोळे बांधून गाडीत बसवलं ना, तर दोन वळणांत तुम्हाला घर कुठल्या बाजूला ते सांगता यायचं नाही," तो आरशातून मला म्हणाला. "माझ्या डबीला सांगता येतं."

"मला माझं पोट सांगतं. पिऊन घरी येताना कधी चुकलोय मी?"

"गेल्या महिन्यात माझ्या दारात उभा राहून ‘अगं, दार उघड’ म्हणून ओरडत होतास," नेसान म्हणाली.

"ते मुद्दाम, नेसान. तुला बरं वाटावं म्हणून."

तिनं ओल्या टॉवेलचा फटका मारला. पण इवाओ पेटला होता. मी मघाशी कोन्याकूच्या, म्हणजे कंदाच्या लिबलिबीत गोळ्यांची काडी आणली होती खायला, ती त्यानं माझ्या हातातून ओढून घेतली. टोकाला एकच गोळा उरलेला. त्यानं काडी वरखाली हलवली, गोळा वरखाली थरथरायला लागला. "आता बघा," म्हणाला, आणि काडी तशीच हलवत टाचेवर गर्रकन वळला. गोळा वरखाली सोडून बाजूला झोकांड्या खायला लागला, रस्सा आरशावर उडाला.

"झालं! एवढंच. आगपेटीच्या काडीएवढा सिरॅमिकचा तुकडा, तो सारखा थरथरतो. गाडी वळली की थरथर बाजूला सरकते. किती सरकली ते मोजलं की गाडी किती वळली ते कळलं."

"आणि ह्यासाठी तुला पगार देतात?"

"काडी बनवतात दुसरे. मी काडीचं सोंग बनवतो. वजनं, स्प्रिंगा, विजेची गणितं, सगळं कॉम्प्युटरमध्ये मांडायचं. सोंग जसं वागेल तशीच खरी काडी वागली पाहिजे. थंडीत ती कशी वागते, केसासारख्या तारांवर टांगलेली आहे त्या तारा कशा ओढतात, चिकटवलेला गोंद वाळल्यावर काय करतो… काही सोडलेलं नाही मी. काही म्हणजे काहीच नाही."

जत्रेच्या दिवशीच दक्षिणेकडच्या एका मोठ्या गाडी कंपनीची माणसं येणार होती आणि इवाओची डबी पसंत करून जाणार होती. पठ्ठ्याची छाती त्यामुळे फुगलेली. मला फुगलेलं काही दिसलं की टाचणी सापडतेच.

ठरलं असं. डोंगराकडच्या गरम पाण्याच्या गावी जायचं, आंघोळ करायची, परत यायचं. डबी बसवलेली गाडी इवाओ चालवणार, मी मागच्या सीटवर डोळ्यांना टॉवेल बांधून. नेसान पुढे, पंच. ती मधूनच विचारणार, "शहर कुठं?" मी बोट दाखवायचं. डबीच्या पडद्यावर एक बाण होता, तो कायम शहराकडे रोखलेला. ज्याचं चुकेल त्याच्या नावावर एक चूक. आकाशातल्या उपग्रहांना विचारायचं नाही, ते मीच घालून दिलं. इवाओनं ती अँटेना उपटून कारखान्याच्या टेबलावर ठेवून दिली.

जाताना मजा आली. टॉवेलखालून नाकाशेजारच्या फटीतून मला अर्धा रस्ता दिसत होता, त्यामुळे माझं पोट अगदी बरोबर सांगत होतं. डबीही बरोबर. इवाओची बडबड चालूच. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "काडी थोडी खोटारडी असते. थंडीत काहीच वळलं नसलं तरी ‘वळलं, वळलं’ असं पुटपुटत राहते. म्हणून चाकं थांबली रे थांबली की डबी म्हणते, आता गाडी उभी आहे, तू काय बोलशील ते खोटं. तेवढं वजा करते. चाकांना तार लावलीय त्यासाठी."

"माझी बायको असंच करते माझ्याशी," मी म्हटलं.

आंघोळ झाली, गरम सोबा शेवयांचं जेवण झालं. निघताना बर्फ पडायला लागलं होतं, पण आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडलं म्हणून कोणी चहा अर्धा टाकत नाही. त्या जागेचं अंगण म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा. गाडी वळवायला जागाच नाही. म्हणून जमिनीत एक लोखंडी फिरती चकती बसवलेली. गाडी तिच्यावर उभी करायची, म्हाताऱ्या मालकानं बटण दाबायचं, गाडी जागच्या जागी फिरून तोंड रस्त्याकडे. इवाओ काडी गार पडू नये म्हणून गाडी चालू ठेवूनच जेवला होता. नेसाननं मला टॉवेल बांधला, ह्या वेळी फट बुजवून, वर एक गाठ जास्त. चकती कुरकुरत फिरली. आम्ही निघालो.

दरीत रस्ता वळणं घेत खाली उतरतो. थोड्या वेळानं नेसाननं विचारलं, "शहर कुठं?"

मी पुढे बोट दाखवलं. ह्या वेळी खरंच काही दिसत नव्हतं, तरी.

"बाण मागे आहे," नेसान म्हणाली.

इवाओ हसला. "दरी उलटी वळते इथं, तोकु-सान. चड्डी धुऊन ठेवा."

मला काहीतरी टोचलं होतं, पण काय ते कळेना. परत विचारलं, परत तेच. मी पुढे, बाण मागे. माझ्या नावावर दोन चुका. आणि मग इवाओची बडबड बंद झाली.

एंजिनाचा आवाज ऐकू येईना, असा वारा होता. गाडीला कोणीतरी बाहेरून ढकलावं तसे धक्के. मी टॉवेल ओढून काढला.

काढला का नाही असं वाटलं. सगळं पांढरं. पुढे पांढरं, बाजूला पांढरं, वर पांढरं. भाताच्या शेतांवर पडलेलं कोरडं बर्फ वारा उचलून आडवं मारत होता. गाडीचं स्वतःचं नाक दिसत नव्हतं. दुपारची वेळ होती, उजेड होता, आणि त्या उजेडात काहीही नव्हतं. अंधारात निदान डोळे मिटल्यासारखं वाटतं. इथं डोळे टक्क उघडे आणि आंधळे.

"रस्त्याच्या कडेचे खांब कुठंयत?" मी विचारलं. लाल-पांढरे खांब असतात आमच्याकडे, बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून.

"मघापासून एकही नाही दिसला," इवाओ म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आपण शेतातल्या वाटेवर आलोय."

"म्हणजे सरळच जा. शहर पुढेच आहे."

"बाण मागे म्हणतोय. आपण शहर बाजूला टाकून पुढे आलो."

"अरे, एवढं मोठं शहर बाजूला कसं टाकशील? पिशवी आहे का विसरायला?"

"तुमचं पोट दोनदा चुकलंय! बर्फात माणसाला दिशा कळत नाही, सरळ चालतोय असं वाटतं आणि तो गोल फिरत असतो. म्हणून तर यंत्र लागतं!"

"नेसान, तू सांग ह्याला."

मांडीवरची पर्स नेसाननं पोटाशी धरली होती. "पेट्रोल किती आहे?" एवढंच विचारलं.

काटा तळाला टेकला होता. काडीला ऊब देता देता अंगणातच पेट्रोल जळलं होतं.

त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं, हे चेष्टेचं राहिलेलं नाही. कारण थांबून राहावं तर एंजिन बंद पडणार आणि गोठणार. एंजिन चालू ठेवावं तर सायलेन्सरवर बर्फ साचणार आणि धूर आत येणार. दर हिवाळ्यात असे कोणीतरी सापडतात. गाल गुलाबी, झोपल्यासारखे. आमच्या गल्लीतला भाजीवाला तसाच सापडला होता. नेसाननंच त्याचे केस विंचरले होते शेवटचे.

इवाओनं गाडी पुढे-मागे, पुढे-मागे करत वळवली. पडद्यावर बाण सावकाश फिरला आणि समोर आला. तो बाणाकडे बघूनच चालवायला लागला, काचेतून बघण्यासारखं काही नव्हतंच. त्याच वाटेनं परत जातोय असं वाटत होतं, पण मध्ये कुठंतरी फाटा फुटला असणार. गाडी चढायला लागली. अगदी थोडीच, पण पाठ सीटला टेकली.

"शहर खाली आहे," मी हळूच म्हटलं. "आपण चढतोय कशाला?"

"नदीचा बांध असेल. शहराजवळचा."

त्याला तसं वाटायला हवं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता. मला चेष्टा करायची होती. माझ्या तोंडात नेहमी दोन-चार चेष्टा तयार असतात, त्या दिवशी एकही सापडेना. असं माझ्या आयुष्यात झालं नव्हतं. बापाच्या अंत्ययात्रेतही मी पुजाऱ्याच्या चपला लपवल्या होत्या.

तेवढ्यात नेसान किंचाळली. पांढऱ्यातून एकदम काहीतरी काळं, उभं, आमच्या अंगावर आलं. इवाओनं ब्रेक दाबला.

चाकं थांबली. गाडी थांबली नाही. खाली बर्फ नव्हतं, काच होती नुसती. गाडी फिरायला लागली, अगदी सावकाश, आवाज न करता, अंगणातल्या त्या चकतीसारखी. माझं डोकं दारावर आपटलं. नेसाननं माझा हात धरला, पुढच्या सीटवरून मागे हात घालून, आणि नखं रुतवली. मग मागचं एक चाक कशात तरी खाली गेलं, गाडी तिरकी झाली, आणि थांबली.

खालून एक आवाज आला. बर्फाचं ढेकूळ सुटून पडल्याचा. मी मोजत नव्हतो, पण पडायला त्याला वेळ लागला. मग पाणी वाजलं.

वायपर चालू होते, तेवढेच.

मी अंग न हलवता डोळे फिरवले. इवाओ बाहेर बघतच नव्हता. तो डबीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मला खालच्या पाण्याचीही एवढी भीती वाटली नाही.

"तोकु-सान," तो म्हणाला, "गाडी किती फिरली?"

"अर्धी. आलो तिकडे तोंड झालंय आता."

"बाण बघा."

बाण समोर होता. मघाशी समोर होता, आताही समोर. अर्धी गाडी गर्रकन फिरली आणि तो जागचा हलला नव्हता.

"बिघडली तुझी डबी," मी म्हटलं.

"नाही. बिघडली असती तर बरं झालं असतं." तो पुटपुटला. "चाकं थांबली होती. चाकं थांबली की डबी म्हणते गाडी उभी आहे. काडी ओरडून सांगत होती की फिरतोय, फिरतोय, आणि मीच डबीला शिकवून ठेवलंय की तेव्हा तिचं ऐकायचं नाही." तो एकदम माझ्याकडे वळला, आणि गाडी कुरकुरली. "अंगण! ती चकती! तिथंही चाकं उभी होती. गाडी अर्धी फिरली आणि डबीला पत्ताच नाही. तेव्हापासून बाण उलटा आहे. तुम्ही बरोबर होता. शहर पुढे होतं. मी तुम्हाला उलटं आणलं, डोंगराकडे…"

"हलू नकोस, गाढवा!" नेसान म्हणाली. "रड, पण हलू नकोस."

मला टोचत होतं ते हेच. टॉवेलखाली मला ती चकती फिरलेली कळली होती, न्हाव्याच्या खुर्चीसारखी. पण आम्ही सगळेच त्या चकतीवर इतक्या वेळा फिरलोय की तिला कोणी वळण म्हणतच नाही. इवाओही लहानपणापासून फिरलेला. गाडी वळते म्हणजे स्टिअरिंग वळतं, चाकं वळतात. त्यानं गोंद मोजला, तारा मोजल्या, थंडी मोजली. आणि जागच्या जागी फिरणारी गाडी त्याच्या सोंगात कुठंच नव्हती.

सायलेन्सर मोकळा करायला कोणीतरी उतरायलाच हवं होतं. वजन कमी करणंही भाग होतं, आणि सगळ्यात जड मी. ज्या बाजूला जमीन होती त्या बाजूनं मी पोटावर सरपटत उतरलो. वारा तोंडात शिरला, श्वास घेता येईना. गाडीला धरूनच मागे गेलो. मागचं उजवं चाक निम्मं हवेत. त्याच्या खाली काळं पाणी, गोठलेलंही नाही, नुसतं हलत होतं. मी हातांनी सायलेन्सर मोकळा केला. बोटं माझी आहेत का कोणाची कळत नव्हतं. मग मला ते काळं, उभं दिसलं ज्याच्यासाठी इवाओनं ब्रेक मारला होता. लोखंडी दांडा आणि वर एक मोठं लाल चाक, पाण्याचं दार उघडायचं. मी परत आत आलो तेव्हा दात इतके वाजत होते की सांगायला वेळ लागला.

"लाल चाक?" नेसान म्हणाली. "वरती पिवळा पत्रा?"

"हो."

"हे कामिनाशीचं तळं. माझी मावशी राहायची इथं." तिनं डोळे मिटले. "चाक डोंगराकडच्या टोकाला आहे. दुसऱ्या टोकाला गाव. मधे सरळ बांध. अगदी सरळ, दोरी लावल्यासारखा. एका गाडीएवढा. एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला खोल चर."

"म्हणजे आपण गावाच्या कडेनं आलो? एक कौलही दिसलं नाही!" इवाओ म्हणाला.

"आणि आता तोंड गावाकडे आहे," मी म्हटलं. "बाणही तिकडेच दाखवतोय! इवाओ, तुझा बाण आता बरोबर आहे!"

"चुकून बरोबर आहे," तो म्हणाला. "त्याच्यावर मी मेलो तरी चालवणार नाही." त्यानं माझा टॉवेल उचलला आणि पडद्यावर टाकला.

मग त्यानं डबीच्या कोपऱ्यातली एक छोटी काच पुसली. तिच्यात एक सुई होती. "काडी जे बोलते ते इथं उघडं दिसतं. गणित नाही, चाकाची तार नाही, काही नाही. सुई मध्यावर म्हणजे सरळ. पण आधी तिची पुटपुट वजा करायला हवी. म्हणजे गाडी खरोखर उभी पाहिजे. नुसती चाकं नाही, सगळी गाडी." त्यानं आमच्याकडे बघितलं. "कोणी हलू नका. श्वाससुद्धा सावकाश."

वारा गाडीला हलवत होता. आम्ही वाट बघितली. झोत थांबेपर्यंत थांबायचं, आणि थांबला की तिघांनी दगड व्हायचं. मला शिंक आली. आयुष्यात मी किती ठिकाणी मुद्दाम शिंकलोय, लग्नात, भाषणात, नेसाननं कोणाच्या कानाजवळ वस्तरा धरलेला असताना. ती शिंक मी कशी गिळली ते माझ्या नाकालाच ठाऊक. सुई थरथरली, थरथरली, मग स्थिर झाली. इवाओनं एक बटण दाबलं आणि सुई मधोमध आली.

"मी समोर बघणार. काही दिसलं तर," तो म्हणाला. "नेसान, तुम्ही सुई वाचा."

गाडी पुढे सरकली. मागचं चाक हवेत फिरलं, नुसतं फिरलं, आणि गाडी खाली गेली. खरंच खाली गेली, माझं पोट वर राहिलं. मी पुढच्या दोन सीटांच्या मधे अंग टाकलं, सगळं वजन पुढे. चाकाला काहीतरी लागलं. गाडी उडी मारून वर आली.

"मध्ये," नेसान म्हणाली. "मध्ये. मध्ये. केसभर डावीकडे."

इवाओनं स्टिअरिंग केसभर हलवलं.

"मध्ये. मध्ये. दोन केस उजवीकडे. अरे, दोन केस म्हटलं, दोन बोटं नाही!"

"माफ करा."

"मध्ये."

काच पांढरी. काही दिसतच नव्हतं. उजवीकडे पाणी आहे हे मला माहीत होतं, डावीकडे चर आहे हे माहीत होतं, आणि दोन्हींच्या मधे एक सिरॅमिकची काडी थरथरत होती, जिच्यावर मी सकाळी हसलो होतो. इवाओ तोंडानं काहीतरी म्हणत होता. आधी वाटलं प्रार्थना, मग ऐकलं तर तो स्वतःला शिव्या देत होता, एका सुरात. मी म्हटलं, "मोठ्यानं दे, मलाही दोन आठवतायत." कोणी हसलं नाही. एकदा डावं चाक मऊ बर्फात गेलं, गाडी तिकडे ओढली, नेसानचा आवाज चिरकला, "डावीकडे! डावीकडे! केस नाही, अख्खा झुपका!" इवाओनं ब्रेक मारला नाही. मी बघितलं, त्याचा पाय ब्रेककडे गेला आणि थांबला. चाकं थांबू द्यायची नव्हती. त्यानं हळूच स्टिअरिंग वळवलं, गाडी ओरखडत वर आली.

"मध्ये," नेसान म्हणाली आणि रडायला लागली. रडत रडत वाचत राहिली. "मध्ये. मध्ये."

एंजिन खोकलं. पेट्रोल संपत होतं. गाडी आचके देत चालली होती. आणि मग समोर धाडकन काहीतरी आडवं आलं, काचेवर बांबू, दोऱ्या, आणि वाळत घातलेले मुळे. मुळेच मुळे. आम्ही कोणाच्या तरी मुळे वाळवायच्या मांडवात घुसलो होतो. घराचं दार सरकलं आणि एक म्हातारी बाहेर येऊन इतक्या घाणेरड्या शिव्या द्यायला लागली की आयुष्यात मी त्याहून गोड काही ऐकलं नाही.

एंजिन तिथंच बंद पडलं. इवाओ स्टिअरिंग सोडेना. म्हातारीनं आणि मी मिळून त्याची बोटं एकेक करून उघडली.

"पैज बरोबरीत सुटली म्हणून सांगू गल्लीत," नेसान म्हातारीच्या घरात शेगडीशी बसून म्हणाली. "डबीनं बुडवलं, काडीनं काढलं."

"दरीत तोकु-सान बरोबर होते, मी चूक होतो," इवाओ म्हणाला. "मी हरलो." मग तो तिच्याकडे वळला. "नेसान, ती माणसं येतायत. त्यांनी ही डबी घेतली तर किती गाड्यांत जाईल… त्या सगळ्यांत बसलेली माणसं बर्फावर ब्रेक मारतील."

"मग दुरुस्त कर की."

"करीन. वेळ लागेल. साहेब म्हणतील, आधी सही होऊ दे."

जत्रेच्या संध्याकाळी बर्फ थांबलं होतं. देवळासमोर बर्फाच्या दिव्यांत मेणबत्त्या लागल्या, सगळी गल्ली जमली, माझी बायको तर हातात कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत. इवाओ क्रेटवर चढला. लांब चड्डी, त्याच्या आईची गुलाबी पोटपट्टी, गळ्यात पाटी. हात ताठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरींनी शिट्ट्या. मी एरवी लोळलो असतो. पण त्याच्याकडे बघताना मला सारखं ते काळं पाणी दिसत होतं, आणि मी त्याच्या खांद्यावर माझा कोट टाकायला गेलो. त्यानं नको म्हटलं.

तेवढ्यात त्याचा साहेब आला, बरोबर काळ्या ओव्हरकोटातली दोन माणसं, गाडी कंपनीची. साहेबानं इवाओला बघितलं आणि पाहुण्यांना दुसरीकडे वळवायला लागला. पण ते थांबले. त्यातल्या वयस्कानं पाटी वाचली, मग चेहरा बघितला. "हे वागात्सुमा-सान का? गणित ज्यांचं?"

"आज त्यांची थोडी गंमत चाललीय," साहेब घाईनं म्हणाला. "इवाओ, उद्या बोलू. उद्या."

इवाओ क्रेटवरूनच कमरेत वाकून नमस्कार करायला लागला. पण पैजेप्रमाणे हात खाली घ्यायचा नव्हता, त्यामुळे नमस्कार तिरका झाला. कोणीतरी हसलं.

"मी पैज हरलोय," तो म्हणाला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या गणितात काही सुटलेलं नाही म्हणून मी पैज लावली होती. सुटलंय. चाकं थांबलेली असताना गाडी फिरते. बर्फावर फिरते, फिरत्या चकतीवर फिरते. आमच्या डबीला ते कळत नाही, ती उलटी दिशा दाखवते. परवा तिघं जण मरणार होतो. काडी चांगली आहे. डबी अजून घेऊ नका."

साहेबानं डोळे मिटले. आजूबाजूचं हसणं विझत विझत थांबलं. दुसरा, तरुण होता तो, त्यानं खिशातून पेन काढलं आणि कशावर लिहावं म्हणून चाचपायला लागला.

"तिघं म्हणजे कोण?" वयस्कानं विचारलं.

नेसाननं हात वर केला. मग मीही केला.

त्यानं आम्हा दोघांकडे बघितलं आणि मान लववली, नीट, खोल. "किती दिवस लागतील तुम्हाला?" त्यानं इवाओला विचारलं.

"माहीत नाही," इवाओ म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. "पुढच्या बर्फाच्या आत नक्की नाही सांगता येणार."

"मग त्याच्या पुढच्या बर्फाला येऊ." तो जायला वळला, दोन पावलं गेला, आणि परत आला. जरा ओशाळून पाटीकडे बोट दाखवत म्हणाला, "आणि… हे खरंच तिकडेच आहे ना?"

"तिकडेच," इवाओ म्हणाला, आणि थंडीनं कापणारा हात आणखी ताठ केला.